फेब्रुवारीतली शिरगणती

१८८१ सालच्या खानेसुमारीत मुंबई बेटाची वस्ती ७ लाख ७३ हजार भरली आणि त्यातली सव्वा लाखाहून जास्त माणसं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली निघाली. गोदीपासून परळपर्यंत भेटणारा दर सहावा माणूस रत्नागिरीचा. खुद्द रत्नागिरी शहरात तेव्हा पंधरा हजारसुद्धा वस्ती नव्हती. कलेक्टर कचेरी १८२२पासून तिथे, जिल्ह्याचं कोर्ट तिथे, आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाला कुठे नेऊन ठेवावं असा प्रश्न पडला तेव्हा १८८६ साली सरकारला सुचलं तेही तेच ठिकाण. पण जिल्ह्यातल्या माणसांनी गजबजलेलं शहर म्हणायचं तर ते मुंबई. मधे समुद्रातून दोनशेहून अधिक किलोमीटरचं अंतर, एवढंच.

हे ध्यानात न घेता रत्नागिरीचे लोकसंख्येचे आकडे वाचायला बसलं की माणूस चकतो. १८७२च्या पहिल्या खानेसुमारीत जिल्ह्याची वस्ती १० लाख १९ हजार होती. १८८१ साली ती ९ लाख ९७ हजारांवर आली. नऊ वर्षांत बावीस हजार माणसं कमी. जिल्ह्याला उतरती कळा लागली असं कुणालाही वाटावं. आता मोजणीची तारीख बघा : १७ फेब्रुवारी १८८१, आणि तीही रात्रीची. जो जिथे सापडेल तो तिथला.

कोकणात फेब्रुवारी म्हणजे काय? भात कापून, झोडून कणगीत गेलेलं. पुढच्या पावसाची शेतीची कामं अजून लांब. समुद्र शांत, गलबतं आणि आगबोटी चालू. अशा दिवसांत धडधाकट गडी घरी बसत नाही. त्या रात्री तो मुंबईत होता, गिरणीच्या आवारात, गोदीच्या शेडमध्ये किंवा कुणा शेठच्या जिन्याखाली झोपलेला, आणि मोजणीदारानं त्याला मुंबईच्या खात्यात टाकला. हीच मोजणी भातलावणीच्या दिवसांत झाली असती तर जिल्ह्याचा आकडा वेगळाच आला असता. तेव्हापासून आजवर जवळजवळ प्रत्येक जनगणना फेब्रुवारी-मार्चातच होत आली आहे. देशाच्या सोयीला तो महिना बरा. रत्नागिरीला नाही.

एक खुलासा इथेच केलेला बरा. त्या काळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे बाणकोटच्या खाडीपासून थेट वेंगुर्ल्यापर्यंत, मधलं सावंतवाडी संस्थान वगळून. संस्थान स्वातंत्र्यानंतर जिल्ह्यात आलं आणि १ मे १९८१ रोजी दक्षिणेकडचा भाग निघून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. तेव्हा जुने आणि नवे आकडे एकाखाली एक मांडून कुणी वाढ-घट सांगू लागला तर त्याला आधी नकाशा विचारावा.

माणसं गेली का, याचं पहिलं उत्तर जमिनीत आहे. जांभ्याचा कातळ आणि त्यावर जेमतेम माती. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. पण तो चार महिन्यांत कोसळतो आणि डोंगरउतारावरून तडक खाडीत जातो. सखल भागातल्या खाचरात भात. वर डोंगरावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी, तीही काही वर्षं पेरायची आणि मग जमीन विसाव्याला टाकायची. रोप तयार करण्याआधी राब भाजायचा, म्हणजे झाडांची कवळं, शेण, पातेरा जमिनीवर पसरून पेटवायचा. त्या कवळासाठी रानं ओरबाडायची, आणि रान ओरबाडलं की उरलीसुरली माती पुढच्या पावसात खाली. एवढं करून घरातलं धान्य वर्षभर पुरायचं नाहीच. जिल्ह्याला धान्य बाहेरून आणावं लागे आणि त्यासाठी रोकड लागे. ती रोकड गावात मिळायची नाही.

दुसरं उत्तर खोतीत. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत. सारा गोळा करायचं काम त्याचं, आणि बहुतेक गावांत गावचा मालक असल्यासारखी वागणूकही त्याचीच. कुळांपैकी अर्धेल म्हणजे पिकाचा निम्मा वाटा खोताच्या पडवीत टाकणारा. त्यावर वेठ वेगळी. १८८० साली खोतीचा कायदा झाला, पण त्यानं हक्क लिहून ठेवले, ओझं उतरवलं नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, पुढच्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, आणि तरीही खोती कायद्यानं जायला १९४९ साल उजाडावं लागलं. तोवर खोतापासून सुटण्याचा सर्वात सोपा रस्ता मुंबईच्या बोटीवर चढण्याचा होता. मुंबईत मिळवलेल्या पैशातून गावाकडे खोताचं देणं चुकतं करायचं, हा तर शेकडो घरांचा रिवाजच होऊन बसला.

गिरण्यांच्या आधीही माणसं जात होती. पेशवाईत चित्पावन घाट चढून पुण्याला गेले. कंपनी सरकारच्या मुंबई फलटणीत रत्नागिरीचे मराठे आणि महार मोठ्या संख्येनं भरती झाले. दापोलीला जुनी माणसं अजून कॅम्प म्हणतात ते या फलटणींमुळेच. पेन्शनीत निघालेले शिपाई-सुभेदार तिथे वस्ती करून राहत. म्हणजे बाहेरून येणाऱ्या पैशावर घर चालवायची सवय या जिल्ह्याला गिरणीच्या भोंग्याच्या आधीपासूनची. तो पैसा तुटला की काय होतं हेही जिल्ह्यानं पाहिलं. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला लष्करानं महारांची भरती थांबवली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी दापोलीहून त्याविरुद्ध अर्ज लिहिला. उपयोग झाला नाही. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ त्याच पिढीतले. फलटणीतून निवृत्त झाल्यावर दापोली, मग सातारा आणि शेवटी परळची चाळ, हा त्यांच्या कुटुंबाचा प्रवास. बाबासाहेबांचं चरित्र म्हणून आपण तो वाचतो. जिल्ह्यातल्या हजारो घरांचा मार्ग साधारण तसाच होता.

शिकणाऱ्यांचीही तीच तऱ्हा. १८७५ साली मुरूडचा धोंडो केशव कर्वे हा मुलगा परीक्षेला बसण्यासाठी घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेला, आणि तिथे पोचल्यावर हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्याला बसू दिलं नाही. टिळक रत्नागिरीत जन्मले, गोखले गुहागरजवळच्या कोतळूकला. दोघांचंही कर्तृत्व पुण्यात. रत्नागिरीला नररत्नांची खाण म्हणतात. खाणीतून माल बाहेरच जायचा असतो, ही गोष्ट मात्र सत्कार समारंभात कुणी बोलत नाही.

याहून लांब गेलेलेही होते. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांत रत्नागिरीचे पुष्कळ. कोकणी मुसलमान खलाशी बनून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोचले आणि केप टाउनला त्यांची वस्तीच झाली. १९७०नंतर त्यांच्याच गावांतली पुढची पिढी आखातात गेली. पण संख्येच्या हिशेबात मुंबईपुढे हे सगळं किरकोळ. १९११ साली मुंबईची वस्ती पावणेदहा लाख होती आणि त्यात रत्नागिरीत जन्मलेले दोन लाखांच्या वर.

त्यांना तिथवर नेलं समुद्रानं. आधी पत्तेमाऱ्या आणि मचवे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोटी. शेफर्ड कंपनीचं नाव कोकणात इतकं रुळलं की मालक बदलले तरी बोट शेफर्डचीच राहिली. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग अशी बंदरं घेत बोट दक्षिणेला जायची. धक्क्याला लागायची सोय थोड्याच ठिकाणी. बाकी बंदरांत बोट खोल पाण्यात उभी आणि माणसं पडावातून ये-जा करायची. लाटेबरोबर पडाव वर आला की बोटीवरच्या खलाशानं दंडाला धरून माणूस आत ओढायचा. बोचकी, ट्रंका, कोंबड्या, फणस मागून. डेकवर जागा मिळेल तिथे वळकटी पसरायची आणि बोट लागली की उपाशीपोटी मुंबईपर्यंत ओकायचं. मे अखेरीस बोटी बंद व्हायच्या त्या नारळी पौर्णिमेनंतर सुरू. लावणीसाठी गावी जायचं असेल तर शेवटची बोट गाठावी लागे, आणि ती हुकली तर घाटरस्त्यानं पायपीट.

बोटी बुडायच्याही. १९२७च्या नोव्हेंबरात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ एकाच दिवशी गेल्या. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला चार आठवडे उरले होते. देशाच्या त्या धामधुमीत कोकणाबाहेर ही बातमी फार दिवस टिकली नाही.

मुंबईत उतरल्यावर माणूस कुठे जायचा हे ठरलेलं असे. लालबाग, परळ, शिवडी, नायगावच्या चाळींतून गावाच्या नावानं खोली घेतलेली असायची. दहा बाय बाराच्या त्या एका खोलीत वीस-पंचवीस गडी. सगळे एकाच वेळी झोपायला आले असते तर मावलेच नसते, पाळ्यांमुळे जमायचं. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळून भिंतीला. प्रत्येकाची ट्रंक फळीवर, तिच्यावर नाव रंगवलेलं. भाडं डोईपट्टीनं. जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या खात्यावर. गावाहून नवा पोरगा आला तर गिरणीत माणसं लावणाऱ्या जॉबरशी ओळख लावून देण्याचं काम खोलीतल्या वडीलधाऱ्याचं, आणि तो दारू प्यायला लागला तर गावी कळवण्याचंही. गावच्या देवळाची वर्गणी, वाट्यांची भांडणं, शिमग्याला पालखी कोणाच्या खांद्यावर द्यायची इथपर्यंतचे निकाल या खोलीत लागत. ग्रामस्थ मंडळ, मुंबई असं लिहिलेली पाटी कोकणातल्या प्रत्येक दुसऱ्या शाळेवर, विहिरीवर, सभामंडपावर दिसते, तिची सुरुवात इथली.

त्या खोलीत बायकोला जागा नव्हती, आणि हेच या सगळ्या कहाणीचं मर्म. १९११ साली मुंबईत हजार पुरुषांमागे साडेपाचशेसुद्धा बायका नव्हत्या. रत्नागिरीत नेमकं उलटं. पहिल्या खानेसुमारीपासून इथे बायका पुरुषांपेक्षा जास्त. १९९१ सालीही हजार पुरुषांमागे १,२०५. हे दोन आकडे दोन जिल्ह्यांचे म्हणून वेगवेगळ्या तक्त्यांत छापले जातात. खरं पाहता ते एकाच घराचे आहेत. नवरा तिकडच्या रकान्यात, बायको इकडच्या.

याचा अर्थ रत्नागिरीत मुलीला मान होता, असं काही सरकारी पुस्तिका सुचवतात. तसं काही नाही. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा हिशेब पाहिला तर याच जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ९३६ मुली होत्या. लहानपणी मुलगे जास्त आणि मोठेपणी बायका जास्त, याचं गूढ वाटण्याचं कारण नाही. मधल्या काळात मुलगे बोटीत बसले.

मागे राहिलेली बाई काय करत होती? लावणी, बेणणी, कापणी, झोडणी. रानातून कवळाचे भारे. गोठा. म्हातारे सासू-सासरे. नांगराला गडी लागे तो शेजारच्याकडून उसना किंवा नवरा आषाढात आला तर तो. कुळकायदा आल्यावर तिच्या कामाला आणखी एक वजन आलं. कसेल त्याची जमीन म्हटल्यावर कसणारं कुणीतरी गावात हवं; नाहीतर सातबाऱ्यावरचं नाव जायचं. नाव नवऱ्याचं लागलं. कसत ती होती.

महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तिचे डोळे पोस्टमनकडे. टपाल खात्यानं मनीऑर्डर सुरू केली १ जानेवारी १८८० रोजी, आणि कोकणाइतका तिचा उपयोग फार थोड्या मुलखांनी केला असेल. पोस्टमन पडवीत बसायचा. फॉर्मवर बाईचा अंगठा, बाजूला साक्षीदाराची सही, मग नोटा मोजून हातात. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायला जागा असे. तो तुकडा फाडून पोस्टमन तिला द्यायचा, आणि तिला वाचता येत नसेल तर आधी वाचून दाखवायचा. नवरा-बायकोचा महिन्याचा संवाद तेवढाच, आणि तोही पोस्टमनच्या तोंडून. काही खाजगी सांगायचं असेल तर गणपतीपर्यंत थांबायचं. ही मनीऑर्डर टपाल खात्यानं १ एप्रिल २०१५पासून बंद केली. तोवर बँकेत खाती निघाली होती आणि पैसे घेणारं माणूसही पुष्कळ घरांत उरलं नव्हतं.

पैसा मुंबईहून यायचा तसे रोगही यायचे. १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग निघाला आणि पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई शहर सोडून पळाली. रेल्वे तुडुंब, बोटी तुडुंब. गिरणीमालक कामगार टिकावेत म्हणून रोजच्या रोज मजुरी हातावर ठेवू लागले. १९०१ साली मुंबईची वस्ती दहा वर्षांपूर्वीपेक्षा ४५ हजारांनी कमी भरली. रत्नागिरीची मात्र ११ लाख ६ हजारांवरून ११ लाख ६८ हजारांवर गेली. त्या वाढीत मुंबईहून माघारी आलेले किती, हे तक्त्यात लिहिलेलं नाही. पण एकीकडची ओहोटी आणि दुसरीकडची भरती शेजारी-शेजारी ठेवल्यावर फारसा संशय राहत नाही. पुढे १९१८चा इन्फ्लुएंझा मुंबईत उतरला आणि परतणाऱ्या माणसांबरोबर खेडोपाडी पोचला. १९११ साली १२ लाखांवर असलेला जिल्हा १९२१ साली साडेअकरा लाखांवर आला.

गाव हे मुंबईकराचं अडीअडचणीचं कोठार होतं. १९२८चा गिरणी संप सहा महिने चालला तो युनियनच्या फंडावर नव्हे. संप सुरू झाला की गडी बोट पकडून घरी, आणि बायकोनं साठवलेल्या भातावर. मालकांना याचा राग होता; कामगार अर्धा शेतकरी आहे, त्याचं लक्ष गिरणीत नाही, अशी त्यांची तक्रार. कामगार मात्र त्या अर्ध्या शेतावरच ताठ उभा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हाही अडीच लाख कामगारांतले हजारो गावी गेले. या वेळी मात्र बोलावणं आलंच नाही. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले.

आणि २०२०. मार्चात कोरोनामुळे मुंबई बंद झाली, मे महिन्यात चाकरमानी मिळेल त्या वाहनानं कशेडी घाट ओलांडू लागले. जिल्हा परिषदेच्या शाळांतून त्यांना चौदा दिवस वेगळं ठेवलं. गणपतीला सरकारनं ही मुदत दहा दिवसांवर आणली. मुंबईकराच्या वर्गणीनं बांधलेल्या शाळेत मुंबईकरालाच कोंडून ठेवलेलं, आणि गावकी नाकाला रुमाल लावून लांब उभी. प्लेगच्या दिवसांत बंदरावर होणारी तपासणी ज्यांनी वाचली आहे त्यांना हे नवं वाटलं नसेल.

आता २०११च्या आकड्यांकडे. त्या साली महाराष्ट्रातल्या पस्तीस जिल्ह्यांपैकी तीनच जिल्ह्यांची वस्ती घटली : रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. रत्नागिरी १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर. मुंबई शहर जिल्हा ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर. दीडशे वर्षं ज्या दोन टोकांमध्ये माणसं ये-जा करत होती ती दोन्ही टोकं एकाच दशकात ओसरली. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा २९ लाखांनी वाढला. लालबागची खोली विकून नालासोपारा, विरार, डोंबिवली, बदलापूर. दिव्यात तर कोकणातल्या माणसांची इतकी गर्दी की सावंतवाडीची गाडी तिथूनच सुटते हे सोयीचंच झालं.

कोकण ओस पडलं अशी हाकाटी तेव्हा वर्तमानपत्रांतून झाली. माझ्या मते ती अर्धवट होती. पुरुष नसणं ही या जिल्ह्याला नवी गोष्ट नव्हती; पुरुषांवाचून तो शंभर-सव्वाशे वर्षं चालला होता, आणि तरीही त्याची वस्ती वाढत होती. २००१ ते २०११ या दशकात पुरुष सुमारे ३३ हजारांनी कमी झाले आणि बायका ४८ हजारांनी. नवी गोष्ट ही. गाव रिकामं झालं ते बाई निघाली तेव्हा.

तिला कोणी नेलं? १० बाय १२च्या खोलीच्या जागी विरारचं वन रूम किचन आलं, त्यात बायको-मुलं मावू लागली. मुलांना इंग्रजी शाळा हवी झाली. गिरणीतली कायम नोकरी गेल्यावर एका पगारात दोन चुली परवडेनात. सुना शिकल्या, भारा वाहायला त्या तयार नव्हत्या, आणि त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी आधी एक पावसाळा लावणी करून पाहावी. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली. या रेल्वेनं कोकणी माणूस कोकणात राहील असं भाषणांतून सांगितलं गेलं होतं. गाडीला दोन दिशा असतात. म्हाताऱ्या सासूला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी घेऊन गेलेली सून परत आली ती गणपतीला, आणि गणपतीबरोबर पुन्हा गेली.

हे फक्त इथलंच नाही. २०११च्या यादीत बायकांचं प्रमाण देशात सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांत रत्नागिरीच्या आगेमागे उत्तराखंडचे अल्मोडा आणि पौडी गढवाल आहेत. डोंगर, फलटणीतली नोकरी, मनीऑर्डर, आणि मग वस्तीत घट. त्या दोन्ही जिल्ह्यांचीही त्या दशकात घटली. कोकणात आंबा, काजू, मासळी आणि समुद्र असूनही तेच झालं, एवढा फरक. कारखान्यांची आश्वासनं मधल्या काळात पुष्कळ आली. लोटे-परशुरामला रसायनांचे कारखाने निघाले, दाभोळला एन्रॉन आली नि बुडाली, जैतापूर आणि नाणार-बारसूवर आंदोलनं झाली. त्यातल्या रोजगारानं काही घरं सावरली. वस्तीचा कल फिरवण्याइतका तो कधी नव्हता.

मात्र या जिल्ह्यात माणसं येतही आहेत. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं आहेत. दिवाळीच्या सुमाराला ती येतात, फवारणी, राखण, उतरवणी, पेट्या भरणं असं करत मे अखेरपर्यंत राहतात. बागेतल्या खोपीत चूल, आणि पोरं जवळच्या मराठी शाळेत. पटसंख्येअभावी बंद पडायला आलेल्या काही शाळांचा पट त्यांच्यावर टिकून आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर नेपाळी खलाशी आहेत. बांधकामावर विजापूरकडचे. चिरेखाणीतही बाहेरचेच. त्यांतले बरेच जण बायको-मुलं मागे ठेवून आलेले, महिन्याच्या महिन्याला घरी पैसे पाठवणारे, एका खोलीत दहा-बारा जणांनी राहणारे. लालबागमध्ये ज्यांचे आजोबा असे राहिले, ते आज त्यांना खोली भाड्यानं देतात आणि बाहेरच्यांची गर्दी वाढली म्हणून कुरकुरतातही.

२०२१ची जनगणना झालीच नाही. आता होणाऱ्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे मोजणीदार पुन्हा फेब्रुवारीत दारावर येणार. कलमांना मोहोर येऊन कैरी धरलेली असेल. बागेचा मालक डोंबिवलीला मोजला जाईल. त्याची आई, असली तर, गावात. आणि खोपीतलं नेपाळी कुटुंब, नवरा, बायको, दोन पोरं, नियमाप्रमाणं रत्नागिरी जिल्ह्याच्या खात्यात चार माणसं म्हणून धरलं जाईल.